खाटेपाशी परत जा

प्रिय मुली,

इमर्जन्सी मेडिसिनची सीट सोडून पुन्हा नीटची तयारी करू का, हे तू पत्राच्या शेवटी विचारलंस; पण मी अडकले मधल्या भागात. मधुमेह असलेल्या, साठीच्या बाई, ‘पित्त झालंय’ म्हणत आलेल्या. पहिला ईसीजी नॉर्मल. तुला चैन पडेना म्हणून वीस मिनिटांनी तो पुन्हा काढलास आणि दोन, तीन, एव्हीएफ या लीड्समध्ये एसटी वर गेलेला दिसला, म्हणजे हार्ट अटॅक. तू मेडिसिनच्या रजिस्ट्रारला दुसऱ्यांदा फोन केलास, आणि तो सिस्टर-मावशींच्या देखत तुझ्यावर ओरडला. आता तू मला पानभर त्या ओरडण्याबद्दल लिहितेस! अगं, तू परत जाऊन बघितलंस. आपल्या शाखेत याहून मोठं काही शिकायचं नसतं.

‘आपण नुसते पोस्टमन, पेशंट आला, सलाइन लावली, पाठवला,’ असं तू लिहिलंस. याचा मला राग आला, आणि तो लपवत नाही. पाठवणं हे आपलं काम नाहीच. बाकीच्या शाखांकडे आजार येतो तेव्हा त्याला नाव मिळालेलं असतं. आपल्याकडे तो बिननावाचा येतो आणि पहिल्या तासात बहुतेक वेळा खोटंच बोलतो. म्हणून परत जायचं.

मण्यार घे. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला मुलगा पहाटे पोटात कळा येतात म्हणून येतो. दंशाची खूण नाही, सूज नाही, काचेच्या नळीत वीस मिनिटं ठेवलेलं रक्त नीट गोठतं. ‘गॅस्ट्रायटिस’ लिहून कागद बाजूला ठेवायचा मोह होतो. पण अर्ध्या तासाने जाऊन त्याला वर बघायला सांग, उशीवरून मान उचलायला सांग, एका श्वासात आकडे मोजायला सांग. पापणी जडावलेली दिसली, आकडे मघापेक्षा कमी झाले, की समजायचं. प्रतिविषाच्या दहा व्हायल द्यायच्याच, पण त्या मुलाला जगवणार आहे वेळेवर श्वासनलिकेत घातलेली नळी आणि त्यानंतरचा व्हेंटिलेटर. हे कागदावर दिसत नाही, खाटेपाशी दिसतं.

फवारणीच्या औषधाची विषबाधाही तशीच. अ‍ॅट्रोपिन हे उताऱ्याचं औषध दर पाच मिनिटांनी दुप्पट करत जायचं हे तुला पाठ आहे. पण डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या म्हणून हात आखडता घेणारे रेसिडेंट मी दर वर्षी बघते. बाहुल्या राहू देत, फुफ्फुसं ऐक. ती कोरडी झाली का, नाडी आणि बीपी सावरलं का, एवढं बघ. मग परत ऐक. आणि सगळं छान झालंय असं वाटत असताना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याची मान लुळी पडू शकते, श्वास थकू शकतो. वॉर्डात हलवला म्हणून तो तुझा राहिला नाही, असं कुणी सांगितलं? ड्यूटी संपली की वर चढून त्याला बघून ये. केसपेपर वाचायला तुला कुणी अडवलेलं नाही.

मोटरसायकलवरून पडलेला तरुण तर सगळ्यात फसवा. शरीरातलं पाव रक्त पोटात सांडलं तरी त्याचं बीपी नॉर्मल दाखवत राहतं. नाडी तेवढी चढत जाते, आणि ती चढतेय हे दोनदा मोजणाऱ्यालाच कळतं.

माझ्या वेळी ही शाखा नव्हती. मेडिकल कौन्सिलने इमर्जन्सी मेडिसिनला मान्यता दिली ती 2009 साली. मी मेडिसिन करून कॅज्युअल्टीत राहिले, तेव्हा तिथे राहणं म्हणजे दुसरं काही जमलं नाही असाच अर्थ लावायचे. ज्या रुग्णालयात मी हट्टाने दर दोन तासांनी खाटेखाटेवरून राउंड सुरू केला, तिथल्या प्रशासनाने ‘वेळ वाया जातो, गर्दी तुंबते’ म्हणून मला पत्र दिलं. मी थांबले नाही. त्या भांडणांत काही मैत्र्या कायमच्या तुटल्या. एका मैत्रिणीशी आयसीयूतल्या एका बेडवरून वाजलं, ते पुढे कधी जुळलं नाही, आणि त्याची हळहळ आजही आहे. पण राउंडचं म्हणशील, तर मी बरोबर होते. आजही तसाच घेईन. मला हट्टी म्हणणाऱ्यांपैकी किती जण रात्री तीन वाजता खाटेपाशी उभे असायचे, ते मी बघितलंय.

झोपेबद्दल मात्र माझं ऐक. ‘आम्ही छत्तीस तास उभे राहायचो’ हे अभिमानाने सांगणाऱ्यांच्या नादी लागू नकोस. सलग बारा तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस ही मर्यादा 1992 च्या केंद्राच्या निर्देशात लिहिलेली आहे. आमच्या पिढीने ती मागितली नाही, निमूट सोसलं आणि पुढे तुमच्या अंगावर टाकलं. याचं मला फार वाईट वाटतं. तिसाव्या तासाला कुणीही परत जात नाही. खुर्चीतूनच ‘ठीक आहे ना?’ विचारतं आणि सिस्टर ‘हो’ म्हणते.

नातेवाइकांच्या अंगावर येण्याची भीती वाटते, असंही लिहिलंस. वाटणारच. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध 2010 चा कायदा आहे, भिंतीवर त्याचा फलकही आहे, पण रात्री दोन वाजता फलक मध्ये पडत नाही. दारावर सुरक्षारक्षक असलाच पाहिजे, त्यासाठी तुम्ही सगळ्यांनी मिळून भांडा, मी सोबत आहे. पण एक गोष्ट तुझ्या हातात आहे. डॉक्टर पुन्हा आली, हात धरून नाडी बघितली, ‘काका, अजून रिपोर्ट यायचाय, पण मी बघतेय’ म्हणाली, की पुष्कळांचा आवाज खाली येतो. तिथेही तेच, परत जाणं. मी एकच गोष्ट सांगतेय हे मला कळतंय. दुसरी नाही माझ्याकडे.

सीटचं आत्ता ठरवू नकोस. पुढच्या महिन्यात भूलशास्त्राचं पोस्टिंग आहे ना, ते होऊ दे. रोज सकाळी नळी घालायला मिळेल, हात बसेल, आणि निम्मी भीती तिथेच जाईल. त्यानंतरही सोडावंसं वाटलं तर सोड, मी अडवणार नाही. पण एका रजिस्ट्रारच्या ओरडण्यावरून सोडलीस तर मी तुझ्याशी भांडेन.

आधीच्या ड्यूटीकडून ओव्हर घेताना रजिस्टरवरून घेऊ नकोस, खाटांवरून चालत घे. तो मुलगा कंटाळला तरी त्याला सोबत ने.

‘हिला स्वतःचा दवाखाना कधी टाकता येणार,’ ही बाबांची काळजी खरी आहे, तिला हसू नकोस. त्यांच्याशी मी बोलते. रविवारी सकाळी त्यांना फोन करायला सांग, दुपारनंतर मी ड्यूटीवर आहे.

तुझी,
मॅडम