ओकेपुढचा पूर्णविराम

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रं एकाच विषयावरची आहेत: फोन, कॉम्प्युटर आणि इंटरनेट यांनी इंग्रजीचं काय केलं? काही पत्रं रागाची आहेत, काही काळजीची, तर एक चक्क बापलेकीच्या भांडणाचं. त्यातले निवडक प्रश्न घेतले आहेत.

मी आठवी-नववीला इंग्रजी शिकवते. उत्तरपत्रिकेत मुलं 'यू' या शब्दाऐवजी नुसतं एक अक्षर लिहितात, 'ग्रेट'च्या शेवटी इंग्रजी आठचा आकडा घालतात. एसएमएसने इंग्रजीची वाट लावली, असं स्टाफरूममध्ये सगळ्यांचं मत आहे. यासाठी गुण कापावेत का?
– शिक्षिका, चिपळूण

गुण कापा, पण खापर एसएमएसवर फोडू नका. तुमच्या वर्गातल्या बहुतेक मुलांनी बटणांचा फोन कधी वापरलाही नसेल. ही लघुरूपं त्यांच्या काका-मावशींच्या काळातली आहेत, आणि त्या काळात त्यांना सबळ कारण होतं.

त्या फोनवर एका बटणावर तीन-चार अक्षरं असायची. वाय-ओ-यू असा पूर्ण शब्द लिहायला नऊचं बटण तीनदा, सहाचं तीनदा आणि आठचं दोनदा, असे एकूण आठ वेळा दाबावे लागत. नुसत्या यू अक्षराला दोनदा दाबलं की काम झालं. गंमत 'ग्रेट'ची आहे. पूर्ण शब्दाला आठ दाब लागतात. आठचा आकडा घातलेल्या रूपालाही, आकडा येईपर्यंत बटण दाबत राहिलात तर, आठच लागतात! म्हणजे बोटांचे कष्ट तसूभरही कमी होत नव्हते. दोन अक्षरांची जागा तेवढी वाचायची, बाकी सगळी हौस.

जागा वाचवण्यालाही अर्थ होता. एका एसएमएसमध्ये १४० बाइट, म्हणजे ११२० बिट मावतात. साध्या इंग्रजी अक्षराला ७ बिट लागतात, म्हणून १६० अक्षरं. देवनागरीसाठी प्रत्येक चिन्हाला १६ बिट लागतात, म्हणून फक्त ७०. त्यातही काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते. 'की' म्हणजे दोन चिन्हं, 'क्ष' म्हणजे तीन. आपल्याकडे मराठी निरोप रोमन लिपीत लिहायची सवय लागली, त्याला फोनवर देवनागरी नसणं जसं कारण होतं तसं हे गणितही.

(सोसायटीच्या सूचना आजही एसएमएसने पाठवणाऱ्या सचिवांसाठी जाता जाता: वर्डमधून चिकटवलेल्या इंग्रजी मजकुरात एखादं वळणदार अवतरणचिन्ह किंवा इमोजी राहिला, तर सगळा संदेश १६ बिटांवर जातो. लांब संदेशाच्या प्रत्येक तुकड्यात मग ६७च चिन्हं मावतात. १५० अक्षरांची सूचना एका संदेशात जायची ती तीन संदेशांत जाते आणि पैसेही तिप्पट लागतात. अवतरणचिन्हं फोनवर नव्याने टाइप करा.)

कीबोर्ड पडद्यावर आला, व्हॉट्सॲपला अक्षरांची मोजदाद उरली नाही, फोन स्वतःच शब्द पुरे करू लागला, आणि बहुतेक लघुरूपं मागे पडली. तारेचंही असंच झालं होतं. शब्दागणिक पैसे पडायचे म्हणून लोक क्रियापदं गाळून लिहीत, पण पत्र लिहायला बसले की तीच माणसं चार पानं भरत.

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री विद्यापीठातल्या संशोधकांनी १० ते १२ वर्षांच्या ८८ मुलांचा अभ्यास केला. तो २००९मध्ये प्रसिद्ध झाला. लघुरूपं जास्त वापरणाऱ्या मुलांचं वाचन आणि शब्दसंग्रह उलट बरा असल्याचं त्यात दिसलं. पण ती मुलं इंग्रजी घरात बोलणारी. शब्दाचा उच्चार कानात पक्का बसला असेल तरच तो आकड्याने लिहायची युक्ती सुचते. आपल्याकडच्या मुलाला एखाद्या शब्दाचं पहिलं दर्शनच चॅटमध्ये झालेलं असू शकतं, म्हणून तो अभ्यास जसाच्या तसा चिपळूणला लावता येणार नाही.

दहा लघुरूपं फळ्यावर लिहा आणि पूर्ण रूपं लिहायला सांगा. ज्याला ती बिनचूक येतात त्याला 'परीक्षेत असं लिहीत नाहीत' एवढं सांगणं पुरे. ज्याला येत नाहीत त्याचं स्पेलिंगच कच्चं आहे, आणि त्याच्यावर मेहनत घ्यायला हवी.

मुलगी बंगळुरूला नोकरी करते. तिने 'शनिवारी येत नाही' असा मेसेज केला. मी 'ओके' लिहून पुढे पूर्णविराम दिला. तिचा लगेच फोन: 'बाबा, चिडलात का?' आम्ही शाळेत पूर्णविराम विसरलो तर छडी खाल्ली आहे हो!
– निवृत्त बँक कर्मचारी, सांगली

तुम्ही चुकला नाहीत आणि तीही चुकलेली नाही. कागदावर वाक्य संपल्याची खूण करायला पूर्णविराम लागतो. चॅटमध्ये ती खूण संदेशाचा फुगाच करतो; मजकूर पाठवला म्हणजे वाक्य संपलं. त्यामुळे तिथे टिंब रिकामटेकडं झालं, आणि रिकाम्या चिन्हाला लोक नवं काम देतात. आता ते 'विषय संपला' असं सांगतं.

न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन विद्यापीठात २०१५मध्ये १२६ विद्यार्थ्यांवर हे तपासलं गेलं. एका शब्दाच्या उत्तरापुढे टिंब असेल, तर ते उत्तर कमी मनापासून दिलेलं वाटलं. तीच उत्तरं हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत दाखवली, तेव्हा मात्र टिंबाने काही फरक पडला नाही.

ही कुरबूर फक्त छोट्या उत्तरांबाबत आहे. दोन-तीन वाक्यांच्या संदेशात टिंबं बिनधास्त द्या. 'ओके'ला एखादा शब्द जोडा: 'ओके, पुढच्या शनिवारी ये.' आणि वाक्यामागून वाक्याला तीन-तीन टिंबं जोडायची सवय असेल, तर तीही तिच्याशी बोलताना आवरा. आपल्या पिढीला ती नुसता श्वास घेण्याची जागा वाटते, तिच्या पिढीला 'बाबा काहीतरी बोलायचं टाळताहेत' असं वाटतं.

तसं पाहिलं तर पूर्णविराम हा आपल्याकडेही पाहुणाच. मोडीत विरामचिन्हं नव्हती. छापखाना आला आणि मेजर कॅन्डी यांनी एकोणिसाव्या शतकात इंग्रजीतली विरामचिन्हं मराठीत रुळवली.

'ओएमजी', 'अनफ्रेंड', 'ब्रेन रॉट' असले शब्द ऑक्सफर्डने कोशात कसे घेतले? की इंटरनेटवर चाललं ते सगळं घ्यायचं ठरलंय?
– ग्रंथपाल, बार्शी

कोश परवाना देत नाही, नोंद करतो. आणि तुम्ही दिलेल्या तिन्ही शब्दांचा जन्म इंटरनेटवरचा नाही. 'ओएमजी' ब्रिटिश आरमाराचे माजी प्रमुख लॉर्ड फिशर यांनी १९१७मध्ये चर्चिलना लिहिलेल्या पत्रात आहे, कंसात 'ओ! माय गॉड!' अशी फोड करून. 'अनफ्रेंड' हे क्रियापद सतराव्या शतकातलं. 'ब्रेन रॉट' हा ऑक्सफर्डने निवडलेला २०२४ या वर्षाचा शब्द, पण अमेरिकन लेखक थोरो यांनी तो १८५४मध्येच वापरला होता. इंटरनेटने हे अडगळीतून काढले आणि चलनात आणले. खरोखर तिथेच जन्मलेला शब्द हवा असेल तर 'सेल्फी' घ्या: सर्वांत जुनी सापडलेली नोंद २००२ची, ऑस्ट्रेलियातली.

आम्ही शाळांची स्मरणिका, संस्थांचे अहवाल असं डीटीपीचं काम करतो. इंग्रजी मजकुरात 'कलर'खाली लाल रेघ येते. यू काढला की जाते. एकाच अहवालात दोन्ही स्पेलिंगं होतात. बरोबर कोणतं?
– मुद्रण व्यावसायिक, कोल्हापूर

दोन्ही. पहिलं ब्रिटिश, दुसरं अमेरिकन. आपल्या शाळा-कचेऱ्यांत ब्रिटिश चालतं. तुमच्या वर्डची तपासणीची भाषा अमेरिकन इंग्रजीवर राहिली आहे, एवढंच. तरी या लाल रेघेला कमी लेखू नका. तिच्या भीतीने लोक बरोबर स्पेलिंगही बदलतात. अमुक देशात यू का गळाला याचं उत्तर पूर्वी कोशात आणि शाळेत शोधावं लागे. आता ते बऱ्याचदा सेटिंगमध्ये सापडतं.

आधी सगळा मजकूर निवडा, कंट्रोल आणि ए. मग रिव्ह्यू, लँग्वेज, सेट प्रूफिंग लँग्वेज असं जा आणि इंग्लिश (इंडिया) किंवा इंग्लिश (युनायटेड किंगडम) निवडा. खालच्या चौकटींपैकी 'डिटेक्ट लँग्वेज ऑटोमॅटिकली'ची खूण काढा, नाहीतर थोड्या वेळाने पहिले पाढे पंचावन्न. 'डू नॉट चेक स्पेलिंग ऑर ग्रामर' ही चौकटही रिकामी हवी. ती भरलेली असेल तर एकही रेघ येत नाही आणि मजकूर निर्दोष आहे असा भ्रम होतो. मग 'सेट ॲज डिफॉल्ट'.

एवढं करूनही घोळ होतो, कारण मेलमधून किंवा वेबवरून चिकटवलेला उतारा आपली भाषा सोबत घेऊन येतो. वीस शिक्षकांचे लेख एकत्र केले की एका फाइलमध्ये दोन-तीन इंग्रजी नांदतात. म्हणून भाषा ठरवण्याचं काम सगळे लेख एकत्र आल्यावर, शेवटी करायचं.

तपासणीला न सापडणाऱ्या गोष्टी वेगळ्या. 'ऑर्गनाइझ' एसने की झेडने? झेड म्हणजे अमेरिकन, हा समज चुकीचा. ऑक्सफर्ड प्रकाशन झेडच लिहितं आणि तरीही कलरमध्ये यू ठेवतं. ब्रिटिश तपासणी दोन्ही रूपं चालवून घेते, त्यामुळे सरमिसळ तुम्हालाच 'फाइंड'मध्ये आय-झेड-ई टाकून शोधावी लागेल. 'प्रोग्राम'चं असंच. कॉम्प्युटरवरच्या प्रोग्रामला ब्रिटनमध्येही अमेरिकन आखूड स्पेलिंग रूढ झालंय, पण स्नेहसंमेलनाच्या कार्यक्रमाला शेवटी दुहेरी एम आणि ई हवा. सरसकट 'रिप्लेस ऑल' केलंत तर एकाचा तरी बळी जातो.

चूक होऊनही खरा शब्द बनला, तर साधी स्पेलिंग तपासणी गप्प बसते. 'मॅनेजर'मधला दुसरा ए पडला की 'मेंजर' होतो, म्हणजे गुरांची गव्हाण. संस्थेच्या व्यवस्थापकांच्या फोटोखाली ते छापून आलं तर बिल निघायचं नाही. आणि तपासणीने सुचवलेला पहिला शब्द डोळे मिटून घेऊ नका. तपासणीच्या जुन्या कोशांत 'कोऑपरेशन' फक्त जोडरेघेचं होतं. बिनरेघेचं दिसलं की यंत्र कॅलिफोर्नियातल्या 'क्युपर्टिनो' गावाचं नाव सुचवी. संयुक्त राष्ट्रं आणि नाटोच्या कागदपत्रांतही ते गाव शिरलं, आणि या जातीच्या चुकांना 'क्युपर्टिनो इफेक्ट' हे नावच पडलं.

नववीतल्या मुलाच्या इंग्रजी निबंधात 'मेला' या अर्थी 'अनअलाइव्ह' असा शब्द आहे. हा काय प्रकार? काळजी करावी का?
– पालक, नाशिक

व्हिडिओच्या ॲपवर मृत्यू, आत्महत्या, लैंगिकता यांचे नेहमीचे शब्द वापरले तर यंत्र व्हिडिओ दडपतं, अशी लोकांची समजूत झाली. म्हणून त्यांनी चोरवाटा काढल्या. ही भाषा टिकटॉकवर फोफावली. आपल्याकडे ते ॲप जून २०२०पासून बंद आहे, पण रील्समधून शब्द पोचलेच. काही शब्दांचं तर यंत्रानेच आणखी काही केलं. 'लेस्बियन'मध्ये एसच्या जागी डॉलरचं चिन्ह घातलं, तर यांत्रिक आवाजाने ते 'ले डॉलर बीन' असं वाचलं, आणि लोक गमतीने तेच बोलू लागले.

अशुभ उच्चारायचं नाही ही रीत आपल्याला नवी नाही. बांगडी फुटत नाही, वाढवते; दिवा विझवत नाही, शांत करतात. फरक एवढाच की आपण दैवाला घाबरून बोलतो, ही मुलं गाळणीला, म्हणजे नको ते शब्द अडवणाऱ्या यंत्राला.

निबंधात शब्द खोडा आणि साधा शब्द लिहायला सांगा. तो गोष्टीतल्या पात्राबद्दल असेल तर प्रश्न तिथे संपला. पण मुलगा स्वतःबद्दल तो वापरत असेल, तर हसण्यावारी नेऊ नका. शांतपणे, थेट विचारा. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. फोनमधल्या पालक-नियंत्रणावर विसंबू नका. जो शब्द गाळणी चुकवायलाच घडला, तो तुमच्या गाळणीलाही सापडेलच असं नाही.

पीएचडीच्या प्रबंधात मी 'डेल्व्ह' (खोलात शिरणे) हा शब्द तीनदा वापरला. मार्गदर्शक म्हणाले, हे एआयने लिहिलंय. मी स्वतः लिहिलं आहे. कसं सिद्ध करू?
– संशोधक विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

मार्गदर्शकांना शंका का आली ते आधी पाहा. वैद्यकीय व जीवशास्त्रीय शोधनिबंधांच्या दीड कोटीहून अधिक सारांशांची पाहणी झाली आहे. चॅटजीपीटी आल्यावर 'डेल्व्ह्ज', 'अंडरस्कोअर्स', 'शोकेसिंग' यांचा वापर एकाएकी उसळला. त्यावरून २०२४च्या किमान १३.५ टक्के सारांशांना एआयचा हात लागला असावा, असा अंदाज संशोधकांनी काढला. पण लाखो सारांशांच्या ढिगाबद्दल जे म्हणता येतं ते एका प्रबंधातल्या तीन शब्दांवरून म्हणता येत नाही.

एआय ओळखणारी यंत्रं तर आपल्यासारख्यांच्या बाबतीत जास्तच फसतात. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३मध्ये इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे टोफेल परीक्षेतले ९१ निबंध सात यंत्रांतून काढले. ८९ निबंधांवर एका तरी यंत्राने एआयचा शिक्का मारला. पुढचा शब्द किती सहज ओळखता येतो, यावर ही यंत्रं बरीच विसंबतात. परक्या भाषेत माणूस पाठ झालेल्या, सुरक्षित शब्दांनीच लिहितो, आणि तेच यंत्राला संशयास्पद वाटतं.

शब्द बदलत बसण्यापेक्षा लेखनाचा माग दाखवा. गूगल डॉक्समध्ये लिहिलं असेल तर फाइल, व्हर्जन हिस्ट्री, सी व्हर्जन हिस्ट्री इथे कोणत्या दिवशी काय लिहिलं, काय खोडलं ते दिसतं. वर्डची फाइल वनड्राइव्हवर असेल तर तिथेही आवृत्त्या राहतात. नुसती पेनड्राइव्हवरची फाइल असेल तर जुने मसुदे, मार्गदर्शकांना वेळोवेळी पाठवलेले मेल आणि वहीतली टिपणं तारखेनुसार लावा. यापुढे प्रत्येक प्रकरणाचा मसुदा तारखेच्या नावाने वेगळा ठेवा, जुन्यावर नवा लिहू नका. व्याकरण सुधारायला एखादं साधन वापरलं असेल तर ते प्रस्तावनेत आधीच सांगून टाका. तुमच्या विद्यापीठाचा त्याबाबत नियम असेल तर तोही पाहा.

'डेल्व्ह' ठेवायचा असेल तर एकदा ठेवा. बाकी दोन ठिकाणी तुम्ही नेमकं काय केलं ते लिहा: मोजलं, तपासलं, तुलना केली.

ईमेलमध्ये जोडरेघ हवी का?
– वाचक, मडगाव

नको. अमेरिकेतल्या असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या शैलीपुस्तकाने ती २०११मध्ये काढली, २०१६मध्ये इंटरनेटचं पहिलं अक्षरही लहान केलं. ऑक्सफर्डच्या एका कोशाने तर २००७च्या आवृत्तीत सुमारे १६,००० शब्दांतल्या जोडरेघा एका फटक्यात उडवल्या. तुमच्या लेटरहेडवर ती आधीच छापलेली असेल, तर हजार कागद संपेपर्यंत राहू द्या.