इलेक्ट्रिक गार्डन ट्रॅक्टर तासाभरात ‘फुल चार्ज’ दाखवतो, पण चालत नाही. सगळ्या बॅटऱ्या बदलाव्या का?

सहाच्या सहा बॅटऱ्या बदला म्हणणाऱ्या दुकानदाराने प्रत्येकीला मीटर लावून पाहिलं का? तुम्ही लिहिलंय त्यावरून तरी वाटत नाही. मुळशीच्या फार्महाऊसवर ट्रॅक्टर पावसाळाभर शेडमध्ये उभा, दसऱ्याला चार्जिंगला लावला तर तासाभरात हिरवा दिवा, आणि गवत कापायला निघालं की दहा मिनिटांत धाप. एवढ्यावर मी तरी खिशात हात घालणार नाही.

भोसरी एमआयडीसीत मी बरीच वर्षं बॅटरीवरच्या फोर्कलिफ्ट सांभाळल्या. तुमचा ट्रॅक्टर आकाराने लहान, पण जात तीच: ६ व्होल्टच्या सहा लेड-ॲसिड बॅटऱ्या सिरीजमध्ये (एकीला एक जोडून), मिळून ३६ व्होल्ट. (अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकच्या जुन्या इलेक-ट्रॅकचीही मांडणी हीच.)

गोम अशी की चार्जरला सहा बॅटऱ्या दिसतच नाहीत. त्याला दिसतं ते दोन टोकांमधलं एकूण व्होल्टेज. ते साधारण ४३-४४ ला पोचलं की तो करंट कमी करत जातो आणि हिरवा दिवा लावून मोकळा होतो. आता मधलं एखादं लग (केबलच्या टोकाचा धातूचा जोड) सैल असेल किंवा पांढऱ्या-हिरव्या थराने खाल्लं असेल, तर हिशेब बघा: १५ अँपिअर करंट आणि त्या सांध्याचा ०.२ ओहम रेझिस्टन्स, म्हणजे ३ व्होल्ट तिथेच खर्च. चार्जरला वाटतं बॅटरी भरली, आणि इकडे ४५ वॅटने नुसतं लग तापतंय. चार महिने चार्जिंगशिवाय पडून बॅटरीच्या आतल्या प्लेटांवर सल्फेटचा थर धरला असेल तरी चार्जर असाच फसतो.

आमच्याकडे एका फोर्कलिफ्टचा अख्खा सेट बदलायची ऑर्डर निघणार होती. चार्जिंग चालू असताना हेल्परचा हात एका लगला लागला आणि तो ओरडलाच. केबल लगच्या आत गंजली होती. दुरुस्तीचा खर्च सगळ्यांच्या चहाएवढा. तुम्ही मात्र हात लावून बघू नका, मीटर लावा. चार्जिंग चालू असताना मीटरचा एक प्रोब बॅटरीच्या पोस्टवर (लग बसतं त्या खुंटावर), दुसरा त्याच लगच्या केबलवर. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर सांधा खोला, खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा (पाणी सेलमध्ये, म्हणजे बॅटरीच्या आतल्या कप्प्यांत, जाऊ देऊ नका), घासा, घट्ट आवळा. त्याआधी चार्जर बंद, अंगठी-कडं काढलेलं, आणि पान्याच्या दांड्याला टेप. पान्याने दोन पोस्ट जोडले गेले तर काय होतं ते मी पाहिलंय.

सांधे ठीक निघाले तर चार्जिंगनंतर रात्रभर ट्रॅक्टर तसाच ठेवा आणि सकाळी एकेक बॅटरी मोजा. भरलेली असेल तर ६.३ ते ६.४ व्होल्ट. पाच बॅटऱ्या तिथे आणि एकच ४.२ च्या आसपास, म्हणजे तिच्या तीन सेलपैकी एक गेला. तेवढी एक बदलायची. पण सेट चार-पाच वर्षांचा असेल तर कोरी नको, त्याच वयाची धडधाकट जुनी शोधा. म्हाताऱ्यांच्या रांगेत नवी लवकर थकते. सहाही ६ च्या आसपास रेंगाळत असतील तर सल्फेटचा संशय. अशा वेळी ६ व्होल्टचा छोटा चार्जर एकेकीला लावून, २-३ अँपिअरने, एक-दोन दिवस द्या. हवा खेळती हवी, जवळपास विडी-काडी नको, कारण हायड्रोजन सुटतो. हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजायची नळी) नाना पेठेत मिळेल. शेवटी एकाच बॅटरीच्या सेलमध्ये घनतेचा ०.०५० पेक्षा जास्त फरक राहिला तर तिच्यावर आणखी वीज घालवू नका.

पाण्याचं विसरू नका. प्लेटा उघड्या असतील तर आधी त्या बुडतील एवढंच डिस्टिल्ड वॉटर, बाकीचं चार्जिंग झाल्यावर. आधीच काठोकाठ भरलं तर ॲसिड उतू येतं.

आणि हो, शेडपर्यंत लांबलचक पातळ एक्स्टेंशन असेल तर वाटेतच व्होल्टेज पडतं; चार्जर एकदा घरातल्या सॉकेटला लावून बघा. सहाही बॅटऱ्यांचे आकडे इथे टाका, मग नक्की सांगतो.