घुमटावर सिमेंट नको, चुनाच हवा

प्रश्न : आमच्या मोहल्ल्यातल्या जुन्या मशिदीचा घुमट विटा-चुन्याचा आहे. गळती लागली म्हणून बाहेरून सिमेंटचा गिलावा केला. आता आतून पोपडे पडतात. वरून वॉटरप्रूफिंगचा थर द्यावा का? (एक वाचक, मोमिनपुरा, नागपूर)

उत्तर : कृपा करून देऊ नका. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 अंशांवर जातो आणि पहिल्या सरीला तापलेला घुमट एकदम गार होतो. हा ताण चुना सोसतो, सिमेंट तडकतं. भेगेतून शिरलेलं पाणी सिमेंटमधून वाळत नाही, ते आतल्या बाजूने वाट काढतं आणि सोबत क्षार आणतं. मिहराबीजवळचा (नमाजाची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्याजवळचा) एखादा पोपडा नखाने उचला, मागे पिठासारखी भुकटी बोटाला लागेल. तो लोणा, म्हणजे पाण्याबरोबर बाहेर आलेला क्षार. नवा थर दिलात तर तो वाढेलच.

वास्तू महापालिकेच्या वारसा यादीत आहे का ते आधी बघा. असेल तर परवानगीशिवाय हात लावू नका. मग सिमेंट छिन्नी-हातोड्याने काढा, ब्रेकर अजिबात नको. जिथे ते विटेला घट्ट बसलंय तिथे ओढाताण करू नका, विटेचा पापुद्रा सुटतो. घुमटावर पिंपळाचं रोप उगवलं असेल तर उपटू नका, मुळाबरोबर विटा येतात. कापून बुंध्याला तणनाशक लावा.

नव्या गिलाव्यासाठी कळीचा चुना (भट्टीतून आलेला, न विरवलेला) विरवून निदान महिनाभर पाण्याखाली ठेवा. घाईत वापरला तर न विरलेली कणी गिलाव्यात फुगते आणि फोड येतात. 1 भाग चुना, 1 सुरखी (भाजक्या विटांची पूड), 2 धुतलेली वाळू, थोडा कातरलेला ताग. हिरडा इतवारीत मिळतो. तो भिजवून त्याचं पाणी आणि बेताचा गूळ घाला. गूळ जास्त झाला की गिलावा आवळायला फार वेळ लागतो. विटा आधी चिंब भिजवा, एक थर 10 ते 12 मिलिमीटरचा ठेवा, वर गोणपाट टाकून दोन आठवडे ओला राखा. काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच काढा. उन्हाळ्यात चुना आवळण्याआधी वाळतो आणि भुसभुशीत राहतो.

प्रश्न : भिंतींना खाली तीन फूट ओल आहे. टाइल्स लावाव्यात का?

उत्तर : नाही, ओल टाइल्सच्या मागून आणखी वर चढते. वजूच्या (नमाजाआधी हातपाय-तोंड धुण्याच्या) हौदाचं पाणी कुठे मुरतं ते आधी शोधा. बहुतेकदा नाली भिंतीलगत फुटलेली असते. अंगणात फरशीवर फरशी चढली असेल तर ती उतरवा आणि उतार भिंतीपासून बाहेरच्या बाजूला काढा.