विझलेली गंजी पुन्हा का पेटते?

प्रश्न : आमच्या गावात तरुणांचं अग्निशमन पथक आहे. कडब्याची गंजी पेटली, टँकरभर पाणी ओतून विझवली. पहाटे पुन्हा भडकली. काय चुकलं?

उत्तर : पाणी वरच्या पेंढ्यांवरून ओघळलं, आतला निखारा तसाच धुमसत राहिला. गंजी फोडावीच लागते. वारा पाठीवर घ्या, एकाने दाताळ्याने थर ओढून मोकळ्या जागी पसरायचा, दुसऱ्याने लगेच भिजवायचा. इथे फवारणीचा एचटीपी (जास्त दाबाचा) पंप बरा. पाणी कमी लागतं, मुरतं जास्त. (टाकीत औषध उरलेलं नसावं, कडबा गुरांच्या पोटात जायचाय!) पेटल्या गंजीवर चढू नका, आत पोकळी होते, माणूस खचतो. वर वीजतार असेल तर आधी पुरवठा बंद, मगच पाणी. अंगात सुती कपडे, नायलॉन वितळून चिकटतं. आणि १०१ला फोन पहिल्याच मिनिटाला.