एका वेळी एकच

प्रिय मुली,

डबा मिळाला. तळाशी घडी करून ठेवलेलं पत्र आधी वाचलं, मग नानकटाई खाल्ली. दोन्हींत चूक एकच आहे, म्हणून उत्तरही एकच लिहिते.

नानकटाई पसरली आहे. वर एक भेग नाही, कडा करपल्यात, मधे चिवट लागते. तू लिहितेस की या वेळी मैद्याऐवजी कणीक घेतली, तुपाऐवजी बटर, पिठीसाखरेऐवजी गूळ, आणि लवकर व्हावी म्हणून ओव्हन 160 ऐवजी 190 वर लावला. आणि खाली विचारतेस, "नेमकं काय चुकलं?"

कसं सांगू? बटरमध्ये साधारण 16 टक्के पाणी असतं, तुपात जवळजवळ नसतं. म्हणजे 170 ग्रॅम तुपाच्या जागी 170 ग्रॅम बटर घातलंस तेव्हा स्निग्धांश कमी झाला आणि सत्तावीसेक ग्रॅम पाणी पिठात शिरलं. पाणी मिळालं की पिठाला चिकटपणा येतो आणि खुसखुशीतपणा जातो. गूळही ओल धरून ठेवतो, आणि तो साखरेपेक्षा लवकर काळवंडतो. आता तूच सांग, चिवटपणा बटरच्या पाण्याचा की गुळाचा? कडा गुळामुळे जळल्या की 190 मुळे? तुला ओळखता येणार नाही आणि मलाही येणार नाही. समजा ही नानकटाई उत्तम झाली असती, तरी ती कशामुळे झाली हे तुला कळलं नसतं आणि पुढच्या खेपेला तशी करता आली नसती.

एका वेळी एकच गोष्ट बदल. हे पत्रात पुन्हा येईल, कंटाळू नकोस.

आता तुझ्या पत्राचं. महिनाअखेरीला ऐरोलीची नोकरी सोडायची, ठाण्याचं घर सोडून खारघरला मैत्रिणीकडे राहायला जायचं, हप्त्यांवर डेक ओव्हन, म्हणजे बेकरीत असतो तसला मोठा, घ्यायचा आणि शनिवार-रविवारचा बेकरी कोर्स लावायचा. सगळं एकाच महिन्यात. सहा महिन्यांनी हातात पैसे उरले नाहीत तर तू मला पुन्हा विचारशील, नेमकं काय चुकलं? माल कमी पडला, की खारघरला ओळखीचं गिऱ्हाईक नव्हतं, की हप्ताच झेपला नाही? मग ज्यात खोट नव्हती तेच तू सोडून देशील. बहुतेक जण तेच करतात. ओव्हनचा हप्ता जड होतो आणि लोक म्हणतात, माझ्या हाताला चव नाही.

माझ्या आयुष्यात जिथे जिथे सगळं एकदम उलटंपालटं केलं, तिथे काय बिघडलं ते मला आजही सांगता येत नाही. ती बोच आहे, म्हणून हे इतकं रागाने लिहिते आहे.

आधी मूळ प्रमाण पक्कं कर. वाटी-चमचा बाजूला ठेव, कारण कुणाची वाटी दीडशे मिलिलिटरची असते तर कुणाची दोनशेची. एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा घे. मैदा 200 ग्रॅम, बेसन 60, बारीक रवा 40, पिठीसाखर 150, तूप 170. अर्धा छोटा चमचा बेकिंग पावडर, दोन चिमटी खायचा सोडा, चिमूटभर मीठ, वेलची आणि जायफळ. याच्या वीस-वीस ग्रॅमच्या तीसेक नानकटाया होतात. बेसन मंद आचेवर चार मिनिटं भाजून पूर्ण गार कर. गरम बेसन तुपात गेलं की तूप वितळतं आणि सगळी मेहनत फुकट जाते.

सगळी मेहनत म्हणजे तूप फेटणं. तूप थिजलेलं पण मऊ हवं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये ते बरणीतच पातळ झालेलं असतं. तेव्हा थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेव, आणि फेटताना परातीखाली गार पाण्याचं पातेलं घे. आधी नुसतं तूप तळहाताने फेट, मग चाळलेली पिठीसाखर घालून पुन्हा, मिळून दहा मिनिटं. पिवळेपणा जाऊन पांढुरकं झालं आणि बोटाने ओढलेली रेघ तशीच राहिली की झालं. पाण्यात थेंब तरंगला की तूप फेटलं गेलं, ही परीक्षा कोणी सांगितली तर धरू नकोस. नुसतं तूप न फेटताही पाण्यावर तरंगतंच. फेटण्याने आत हवा धरली जाते, त्या हवेने नानकटाई फुलते आणि वर भेगा पडतात. पातळ तुपात हवा राहत नाही, म्हणून ती ताटलीसारखी पसरते.

पीठ घातल्यावर मळू नकोस, नुसतं गोळा कर. भगरा झाला तर एक चमचा तूप वाढव. दूध किंवा पाणी कधीच नाही. गोळे किंचित दाबून दोन-दोन बोटं अंतरावर ठेव. उन्हाळ्यात ट्रे पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये. ओव्हन पंधरा मिनिटं आधी तापव, दोन्ही कॉइल चालू, मधला कप्पा, 160 वर अठरा ते वीस मिनिटं. खालून बदामी रंग आला की काढ, वरून फिकट दिसली तरी. हात लावलास तर मऊ लागेल आणि तुला वाटेल कच्ची राहिली. तिथेच सगळे परत आत ढकलतात आणि दगड करून ठेवतात. ट्रेमध्येच दहा मिनिटं राहू दे, मग जाळीवर. कोमट असताना डब्यात भरलीस की स्वतःच्याच वाफेने सादळते. पावसाळ्यात तर हटकून.

दिवाळीआधी बेकरीच्या भट्टीवर नानकटाईचे ट्रे जातात ते पाव भाजून झाल्यावर, उतरत्या आचेवर. तुझ्या 190 ला माझा विरोध आहे तो म्हणूनच.

हे सलग तीनदा सारखंच जमलं की मग बदल. एकच. या खेपेला 50 ग्रॅम मैदा काढून 50 ग्रॅम कणीक. बाकी काटेकोर तेच. कणकेतला कोंडा जास्त ओल ओढतो, त्यामुळे पीठ कोरडं वाटेल, तरी तूप वाढवू नकोस, नाहीतर दोन गोष्टी बदलल्या. वहीत तारीख, वजनं, तूप कसं होतं, किती मिनिटं, सगळं लिही. वही काढल्याशिवाय मी ओव्हन लावत नाही, याला घरचे हट्ट म्हणतात. म्हणू देत. या हट्टामुळे जून आणि जानेवारीतली माझी नानकटाई वेगळी लागत नाही.

तू म्हणशील, अशाने वय निघून जाईल. नाही जात, ग. उलट चार बदल एकदम करून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करण्यात जातं. नोकरी राहू दे. घर राहू दे. कोर्स तेवढा लाव, शनिवार-रविवार तुझेच आहेत. ऑर्डर आहे त्या छोट्या ओव्हनवर घे. ऐरोलीत जेवणाच्या सुट्टीत डबा उघडतेस ना, तिथूनच सुरू कर, पण पैसे घेऊन. विकायला लागलीस की अन्नसुरक्षेची नोंदणी करून घे, घरगुती असलं तरी ती लागते. छोटा ओव्हन रोज संध्याकाळी अपुरा पडायला लागला की मोठ्याचं बोलू. खारघरचा विषय त्याच्याही नंतर. एका वेळी एकच.

येत्या रविवारी मूळ प्रमाणाची निम्मी कर: मैदा 100, बेसन 30, रवा 20, साखर 75, तूप 85. त्यातल्या तीन मला पाठव. चिठ्ठीवर फक्त मिनिटं लिही, आणि फेटायला घेतलं तेव्हा तूप कसं होतं तेवढं.

तुझी,
काकू