खोकल्यासाठी अडुळशाचा रस काढायचाय ना?

कुंपणाला अडुळसा आहे म्हणालास, मग सुरुवात त्यानेच कर. पांढरं, जबडा उघडल्यासारखं फूल, आत जांभळट रेषा, आणि शेळीनेही तोंड न लावलेलं झुडूप. ओळख चुकायची नाही.

पानं नुसती मिक्सरला लावू नकोस. मी लावली होती. हाती आला हिरवा चोथा, रस चमचाभरसुद्धा नाही. पानं धुऊन दहा मिनिटं वाफव आणि गरम आहेत तोवरच फडक्यात पिळ. जुने वैद्य पानांच्या गोळ्याला माती लिंपून तो विस्तवात घालत, तोच हा पुटपाक. चमचाभर रस मधात घ्यायचा. कडूजहर लागतो, तोंड वाकडं होणारच.

गुण आहे तो मुख्यतः त्यातल्या व्हॅसिसीन या द्रव्याचा. त्याच्यावरूनच कफ पातळ करणारं ब्रोमहेक्झिन हे औषध तयार झालं. पण हेच व्हॅसिसीन गर्भाशयही आकुंचित करतं, तेव्हा वहिनींना दिवस गेलेत तोवर त्यांना थेंबही देऊ नकोस.

रक्तपित्तावर, म्हणजे नाका-तोंडातून वगैरे रक्त पडण्यावर, आयुर्वेदात अडुळसा सांगितलाय, खरंय. तरी थुंकीत रक्त दिसलं किंवा खोकला दोन आठवडे हटला नाही, तर रस बाजूला ठेव आणि आधी टीबीसाठी थुंकी तपासून घे. सरकारी दवाखान्यात ती फुकट होते.