अडोबोला फोडणी नको
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

गेल्या अंकात फिलिपिन्समधील घरगुती जेवणाविषयी चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर किनारपट्टीवरून इतकी पत्रे येतील असे वाटले नव्हते, परंतु पत्रे वाचताना कारण उमगले. आपल्याकडची कितीतरी मुले व्यापारी जहाजांवर नोकरीला आहेत, आणि जगाला खलाशी पुरवणाऱ्या देशांत फिलिपिन्स अगदी वरच्या क्रमांकावर असल्यामुळे जहाजावरचा आचारी पुष्कळदा तिकडचाच असतो. सुट्टीवर आलेला मुलगा त्या जेवणाची आठवण काढतो आणि प्रश्न घरच्या चुलीपुढे येऊन पडतो.

प्रश्न : माझे यजमान जहाजावर आहेत. व्हिनेगर आणि लसूण घालून केलेली तिथली कोंबडी त्यांना फार आवडते. मी दोनदा करून पाहिली. पहिल्यांदा ती नाकात जाईल इतकी आंबट झाली आणि दुसऱ्यांदा आपल्या रश्श्यासारखीच लागली. चुकते कुठे? (एक वाचक, गुहागर)

उत्तर : दुसऱ्यांदा तुम्ही बहुधा कांदा परतून फोडणी दिलीत. पत्रात तसे लिहिलेले नाही, पण कोकणातला हात आपोआप मिसळणाच्या डब्याकडे जातो, हे स्वानुभवावरून सांगतो. या पदार्थाचे नाव अडोबो. ‘अडोबार’ या मुरवण्याच्या अर्थाच्या स्पॅनिश शब्दावरून ते आले असले, तरी 1565 पासून तेथे स्पॅनिश सत्ता रुजण्याच्या आधीपासून दमट हवेत मांस टिकावे म्हणून ते व्हिनेगर आणि मिठात शिजवण्याची रीत त्या बेटांवर होतीच. परक्यांनी फक्त तिला नाव दिले. सोया सॉस चिनी व्यापाऱ्यांमुळे आला, म्हणून सोया न घालता केवळ मिठावर केलेला ‘पांढरा अडोबो’ आजही केला जातो. बटांगास प्रांतात तर हळद घालून पिवळा अडोबो करतात, तेव्हा हळद अगदीच निषिद्ध आहे असे नाही. लाल तिखट, धणे आणि गरम मसाला मात्र डब्यातच राहू द्यावेत.

एक किलो कोंबडीला अर्धी वाटी व्हिनेगर, तेवढाच सोया सॉस, लसणाचा एक मोठा गड्डा ठेचून, एक चमचा अख्खी काळी मिरी आणि एक वाटी पाणी एवढे पुरते. सोया सॉस खारट असतो, त्यामुळे मीठ शेवटी चव पाहूनच घालावे. अडोबोत पडणारे त्यांचे ‘बे लीफ’ आणि आपले तमालपत्र ही दोन वेगळ्या झाडांची पाने आहेत. आपल्या पानावर देठापासून टोकापर्यंत तीन ठळक शिरा दिसतात आणि त्याला दालचिनीसारखा वास असतो, म्हणून ते एकच घालावे. सर्व जिन्नस एकत्र करून अर्धा तास मुरू द्यावेत आणि मग पातेले विस्तवावर ठेवावे. पहिली उकळी येऊन व्हिनेगरचा उग्र दर्प उडून जाईपर्यंत झाकण ठेवू नये आणि ढवळूही नये, असा तिकडचा नियम आहे. ढवळल्याने फार बिघडते असे मला आढळले नाही. झाकणाचा फरक मात्र स्पष्ट जाणवतो, कारण वर गेलेली आंबट वाफ झाकणावरून थेंब होऊन परत पातेल्यातच पडते. तुमची पहिली खेप बहुधा तिथेच बिघडली. त्यानंतर मंद आचेवर पाऊण तास शिजवावे. गावठी कोंबडी असेल तर वेळ आणखी लागेल. मऊ झालेले तुकडे काढून थोड्या तेलात तांबूस परतावेत, उरलेला रस आटवून घट्ट करावा आणि तो त्यांच्यावर ओतावा.

व्हिनेगरविषयी थोडे अधिक लिहितो, कारण सारी चव त्याच्यावर आहे. तिकडे ते नारळाच्या माडीचे, उसाच्या रसाचे किंवा निपा नावाच्या पाणथळीतल्या ताडाच्या रसाचे असते. आपल्या किनाऱ्यालाही माडी नवी नाही, आणि ती आंबवून केलेले व्हिनेगर गोव्याच्या बाजारात सहज मिळते. बाटलीवर ‘सिंथेटिक’ असे छापलेले असेल तर ती न घेतलेली बरी. मी पहिला अडोबो तसल्याच बाटलीतून ॲल्युमिनियमच्या पातेल्यात केला होता. पातेले काळवंडले, रश्श्याला धातूची चव आली आणि घरात दोन दिवस लोणच्याच्या कारखान्यासारखा वास राहिला. भांडे स्टीलचे किंवा मातीचेच घ्यावे. सोबत साधा भात करावा, उकड्या तांदळाचा असेल तर फारच उत्तम. आदल्या दिवशी केलेला अडोबो दुसऱ्या दिवशी अधिक मुरतो, हे शिळ्या माशाच्या आमटीवर जीव असणाऱ्यांना सांगायला नकोच.

प्रश्न : सिनिगांग नावाच्या आंबट सारात चिंचेऐवजी आमसुले घातली तर चालतील का? (एक वाचक, वेंगुर्ले)

उत्तर : चालतील, परंतु मग तो सिनिगांग न राहता कोळंबीचे सार होईल. सिनिगांगाची आंबटी हिरव्या, कोवळ्या चिंचेची असते. या चिंचा पाण्यात उकडून कुस्करतात आणि ते पाणी गाळून घालतात. आपली जुनी पिकी चिंच रंग काळपट करते आणि गोडसर चव देते. आपल्या परसातल्या बिंबल्या तिकडे ‘कामियास’ या नावाने याच सारात पडतात, कच्ची कैरीही चालते. पाण्याऐवजी तांदळाचे दुसरे धुवण घ्यावे, म्हणजे सार किंचित दाटसर होते. त्यात मुळा, अळकुड्या, वांगे, चवळीच्या शेंगा आणि शेवटी नाळीची भाजी घालतात. कोळंबी अगदी शेवटी घालून रंग बदलताच पातेले उतरवावे.

तरीही आमसुलांचा तुमचा विचार अगदीच वाया जाणारा नाही. विसाया बेटांवर, विशेषतः इलोइलोकडे, बातुआन नावाचे आंबट फळ वापरतात आणि ते आपल्या रतांब्याच्याच कुळातले आहे. त्या भागात तूर, डुकराचे मांस आणि कच्चा फणस यांचा एक रस्सा बातुआन घालून करतात. काळसर तुरीच्या दाण्यांमुळे त्याला जांभळी झाक येते. मांस वर्ज्य असेल तर पौष-माघात तुरीचे ओले दाणे आणि फणसाची कुयरी एकत्र शिजवून, चार आमसुले धुऊन त्यात टाकून पाहावीत. फोडणीचा मोह येथेही टाळावा. कुयरीची भाजी आपण इतक्या मसाल्यात बुडवतो की तिची स्वतःची चव आपल्याला कधी कळतच नाही, असे मला हा रस्सा करताना प्रथमच वाटले.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत. आम्हाला काही करता येईल का? (एक वाचक, दापोली)

उत्तर : अख्खे हिरवे मूग मऊ शिजवावेत. लसूण, कांदा व टोमॅटो तेलात परतून ते मूग त्यात घालावेत आणि शेवटी मूठभर शेवग्याचा पाला टाकावा. तिकडे हे मूग बहुधा शुक्रवारी होतात, कारण कॅथलिक घरांत त्या दिवशी मांस टाळण्याची रीत आहे. कित्येक घरांत त्यात कोळंबी किंवा सुके मासे असतात, तेवढे वगळावेत. गोकुळाष्टमीला शेवग्याचा पाला आणणाऱ्या घरांना ही चव परकी वाटणार नाही.

प्रश्न : व्हिनेगरमध्ये मुरवलेली कच्ची सुरमई घरी करावी का? मुलगा फार आग्रह करतो. (एक वाचक, देवगड)

उत्तर : करू नये. या पदार्थाला किनिलाव म्हणतात आणि त्यासाठी तिकडेही सुरमईच नावाजलेली आहे, हे खरे. व्हिनेगरमुळे मासा पांढरा पडतो आणि शिजल्यासारखा दिसतो, पण त्यातले सर्व जंतू आणि कृमी त्याने मरत नाहीत. होडीवरून उतरल्यावर मासा किती वेळ बर्फाविना राहिला हे बाजारात कोणी सांगत नाही. सुरमई वाफवून, थंड करून, मग आले, कांदा, मिरची आणि व्हिनेगर घालून मुलाला द्यावी.

प्रश्न : अळूची पाने नारळाच्या दुधात शिजवली तर घसा खाजणार नाही का? आपण तर चिंच घातल्याशिवाय अळू करतच नाही. (एक वाचक, श्रीवर्धन)

उत्तर : बिकोल भागातला हा पदार्थ लाइंग या नावाने ओळखला जातो आणि तो वाळवलेल्या पानांचा करतात. खाज सुटते ती पानातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. पाने नीट सुकवली आणि दीर्घकाळ शिजवली की ती पुष्कळ कमी होते. नेहमीच्या भाजीच्या अळूची पाने देठ काढून दोन-तीन दिवस कडकडीत वाळवावीत आणि हातानेच चुरावीत. नारळाच्या पातळ रसात आले, लसूण व हिरव्या मिरच्या घालून त्यावर पाने पसरावीत. ती रस शोषून आपोआप खाली बसेपर्यंत पळी आत घालू नये. अखेरीस घट्ट रस घालून तेल सुटेपर्यंत आटवावे. मूळ कृतीत कोळंबीची खारवून आंबवलेली चटणी असते. भाजलेला जवळा कुटून, मीठ आणि किंचित व्हिनेगर लावून घातला तर काम भागते, मात्र आंबवणीचा तो विशिष्ट वास त्याला येत नाही. रानातले तेरे (रानअळू) या कामी वापरू नयेत.

प्रश्न : गोव्याची बेबिंका आणि फिलिपिन्सची बिबिंका एकच का? (एक वाचक, सावंतवाडी)

उत्तर : नाही. गोव्याची बेबिंका मैदा, अंड्यांचा बलक, साखर आणि नारळाचा रस यांची, थरावर थर भाजलेली असते. फिलिपिन्सची बिबिंका तांदळाच्या पिठाची आणि एकाच थराची असते. 16 ते 24 डिसेंबर या नऊ दिवसांत पहाटेच्या प्रार्थनेनंतर चर्चबाहेर ती गरमागरम विकली जाते. मातीच्या भांड्यात केळीचे पान घालून, खाली विस्तव आणि वर झाकणावर निखारे ठेवून ती भाजतात. तवसाचे धोंडस ज्यांच्या घरी अजून जुन्या पद्धतीने होते, त्यांना हे तंत्र शिकवण्याची गरज नाही. रात्रभर भिजवलेले तांदूळ नारळाच्या रसात वाटावेत. साखर, अंडे, चिमूटभर मीठ आणि बेकिंग पावडर घालावी. केळीचे पान आधी विस्तवावरून फिरवून मऊ करावे, नाहीतर ते दुमडताना फाटते आणि पीठ भांड्याला चिकटते. वरून लोणी लावून ओले खोबरे पसरावे आणि बिबिंका गरम असतानाच खावी. गार झाल्यावर ती घट्ट होते.